संगणकाची हजेरी



वसंतातील व्याख्यानांची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून राजकारण, धर्म, अर्थशास्त्र आणि वाङ्मय अशा थोर विषयांनी ही व्यासपीठे गाजली. अशा परंपरेतील एका व्यासपीठावर उभे राहून 'घरचा संगणक सुरू होताना आपलेच अवयव ओळखत नाही, तेव्हा काय करावे' या विषयावर तासभर बोलायचे, म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत पिठले वाढण्यासारखे आहे. हे मी जाणतो. परंतु पिठल्याचीही एक वेळ असते. भूक लागलेली असते, घरात दुसरे काही नसते, आणि त्या वेळी पिठले करता येणे हीच विद्या उपयोगी पडते. आजचा विषय त्या जातीचा आहे.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि पुढल्याच वर्षी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला. आपल्यापैकी कितीकांनी तो केला असेल. त्या वर्गांनी शेतकऱ्याच्या मुलाला आणि ग्रामसेवकाला माऊस धरायला शिकवले, हे उपकार लहान नव्हेत. पण चालू संगणकावर काम कसे करावे, एवढेच आपण तेथे शिकलो. संगणक चालूच झाला नाही तर काय, हा धडा बहुतेकांचा राहून गेला. त्यामुळे काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक पांढरी ओळ उमटली की आपण हात जोडतो आणि दुकानाचा रस्ता धरतो.

मला हा विषय का सुचला, ते आधी सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेकडचे, डांगाणातले एक घर. नाव सांगत नाही. घरचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी दहाएक वर्षे खपून संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. आई आधीच गेली होती. एका मे महिन्यात गुरुजीही गेले. संगणक कोपऱ्यात झाकून राहिला आणि त्याच्यावरून सबंध पावसाळा गेला. खंडेनवमीला पूजेच्या निमित्ताने मुलाने तो पुसून चालू केला, तर पडद्यावर ओळ आली : सुरू होण्याजोगे एकही साधन सापडत नाही. मुलाने यंत्र दुसऱ्या गावच्या एका दुकानात नेले. तेथे दोन मिनिटांत निकाल मिळाला : "डिस्क गेली. नवी घालून देतो. जुन्यातले काही मिळायचे नाही." मुलगा संगणक तसाच पाठीवर घेऊन माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "सर, आजी दुसऱ्यांदा गेली."

त्या घरचे पुढे काय झाले, ते शेवटाकडे सांगेन. तोवर आपण यंत्राकडे वळू.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी, की कळ दाबली की संगणक दिव्यासारखा 'लागतो'. वस्तुतः तसे नाही. कळ दाबल्यापासून विंडोजचे चित्र दिसेपर्यंतच्या थोड्या क्षणांत आत एक शाळा भरते आणि हजेरी घेतली जाते. प्रथम वीज देणारी पेटी, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ती आपला पुरवठा स्थिर झाल्याची खूण देते. मग मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, एका लहान चिपेत कायमची साठवलेली सूचनावली जागी होते. हे आपले हेडमास्तर. जुन्या यंत्रांत त्यांना बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. ते हातात हजेरीपट घेतात आणि एकेक नाव पुकारतात. स्मृती आहे का? चित्र दाखवणारे मंडल आहे का? कळफलक आहे का? डिस्क आहे का? प्रत्येकाने 'हजर' म्हटले की हेडमास्तर डिस्कवर बसलेल्या विंडोजच्या हाती शाळा सोपवतात. मग विंडोज पुन्हा एकदा, आपल्या पद्धतीने, हजेरी घेते. अशा हजेऱ्या दोन होतात. ही गोष्ट ज्याने ध्यानात ठेवली, त्याचे अर्धे काम झाले.

यंत्राने स्वतःची तपासणी स्वतः करावी, ही सोय मागाहून आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक भारतीय बनावटीचा संगणक कामाला लागला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असे नाव दिले. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. अशा नलिकांच्या यंत्रांत रोज कोठली ना कोठली नलिका दगा द्यायची, आणि ती हुडकण्यासाठी जाणत्या अभियंत्यांचे मंडळ पदरी बाळगावे लागे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो घरात आणि कचेरीत जायचा होता. तेथे अभियंता कोण ठेवणार? म्हणून ही तपासणी यंत्राच्याच अंगी बसवली गेली. पडदा लागण्याआधी काही बिघडले तर बोलायचे कसे, म्हणून त्याला शिटी दिली. एक लहान शिटी म्हणजे सर्व ठीक. निराळ्या क्रमाच्या शिट्या म्हणजे निराळे दुखणे. आजही काही संगणक असेच शिट्या मारतात. त्यांची भाषा कंपनीगणिक निराळी असल्यामुळे अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा. शेजाऱ्याला विचारून अंदाज बांधू नये. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर शिटीऐवजी चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, स्मृती, चित्र आणि डिस्क यांचे. जो दिवा लागून राहील, तेथे हजेरी अडली.

आता शाळेतला प्रश्न घेऊ. मास्तरांनी नाव पुकारले आणि उत्तर आले नाही. याची कारणे किती असू शकतात? पहिले, मुलगा घरून निघाला पण वाटेतच अडला. दुसरे, आला पण उपाशी आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. तिसरे, मुलगा हजर आहे, पण हजेरीपटात त्याचे नावच नाही किंवा चुकीचे लिहिले आहे. चौथे, हजर आहे, नावही बरोबर आहे, पण मास्तरांची भाषा त्याला कळत नाही. आणि पाचवे, तो खरोखरच आजारी आहे. संगणकात वाटेत अडणे म्हणजे जोडणी सैल होणे, उपाशी असणे म्हणजे वीज कमी पडणे, हजेरीपटाचा घोटाळा म्हणजे बायोसमधील नोंदी बिघडणे, भाषा न कळणे म्हणजे ड्रायव्हर नसणे, आणि आजार म्हणजे भागच निकामी होणे. पहिल्या चारांना खर्च नाही किंवा अगदी थोडा आहे. खरा खर्च पाचव्याला. आणि गंमत अशी, की आपण व आपला घाईतला दुकानदार दोघेही नेमकी पाचव्यापासून सुरुवात करतो!

पहिल्या कारणाचा आपल्या तालुक्याशी फार जवळचा संबंध आहे. कळसूबाईचे १६४६ मीटरांचे शिखर आपल्या हद्दीत. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि चामड्याच्या वहाणेला बुरशी. संगणकाच्या स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, एका खाचेत उभी बसते. तिच्या कडेला सोनेरी मुलाम्याचे बारीक दात असतात. दात आणि खाच यांच्यामध्ये धूळ बसते, धुळीत ओल मुरते, खाचेच्या धातूवर मळाचा पापुद्रा धरतो आणि वीज वाटेत अडते. मग पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा मात्र काळाच. ऑगस्ट-सप्टेंबरात असे संगणक किती दुकानांत जात असतील आणि 'मदरबोर्ड गेला' हा शेरा घेऊन किती परत येत असतील!

त्याचा उपाय सांगतो, पण अगोदर पथ्य. संगणक बंद करा. भिंतीतले बटण नुसते बंद करून भागत नाही, वायर उपसून काढा. मग संगणकाची कळ पाच-दहा क्षण दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या धातूला हात लावा, कारण आपल्या अंगावरची स्थिर विद्युत आपल्याला जाणवतही नाही, पण चिपेला मारते. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत तर हे अधिकच पाळावे. एक गोष्ट मात्र कधीही करू नये : वीज देणारी पेटी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या पोटात जीवघेणा दाब काही काळ टिकून राहतो. ती पेटी शंकास्पद वाटली तर सबंध बदलावी.

आता रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्या मागे सारून पट्टी वर काढा. तिचे दात शिसपेन्सिलीच्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा. शाईच्या खरबरीत खोडरबराने मुळीच नको, त्याने मुलामा निघतो. खोडरबराचा चुरा झटकून टाका, खाचेतली धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने काढा आणि पट्टी पुन्हा बसवा. खिट्या 'टक्' अशा वाजून मिटल्या पाहिजेत. पट्ट्या दोन असतील तर एक काढून एकच लावून पाहा, मग दुसरी. डिस्कच्या केबलीचेही तेच. ती सैल होते, उंदीर कुरतडतो, नाहीतर सफाई करताना आपलाच हात लागतो. दोन्ही टोके काढून घट्ट बसवा. केबल बदलायला फार पैसे पडत नाहीत, डिस्क बदलायला पडतात. म्हणून आधी केबल.

येथे खंडेनवमीच्या पूजेविषयी एक शब्द बोलतो. यंत्राची पूजा करणे ही आपली चांगली चाल आहे. जे आपल्याला पोसते त्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे. पण मी एका यंत्राच्या पंख्यातून अक्षता काढल्या आहेत आणि दुसऱ्याच्या मदरबोर्डवर कुंकवाची चिकट रेघ पाहिली आहे. पूजा अवश्य करा. हळदकुंकू पेटीच्या बाहेर, एका बाजूला लावा. जाळीवर पाणी शिंपडू नका. आणि पावसाळ्यात संगणक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट कोंडून ठेवू नका, आत ओल धरते. सुती कापड घाला आणि दोन-चार दिवसांतून अर्धा तास तरी तो चालू करा. त्याच्या स्वतःच्या उबेने तो कोरडा राहतो.

दुसरे कारण उपासाचे. पुष्कळांचा अनुभव असा असतो : सकाळी पहिल्यांदा चालू केला की डिस्क सापडत नाही, पुन्हा चालू केला की सापडते. लोक याला यंत्राचा लहरी स्वभाव म्हणतात. पण यात लहर नाही, कार्यकारणभाव आहे. जुन्या धाटणीच्या डिस्कमध्ये तबकड्या असतात आणि त्या फिरवायला मोटार असते. थांबलेली मोटार गती घेताना, फिरत्या मोटारीला लागते त्याहून पुष्कळ अधिक वीज ओढते. विहिरीवरचा पंप सुरू होताना घरातला दिवा कसा मंदावतो, तसेच. वीज देणारी पेटी म्हातारी झाली असेल तर त्या क्षणी ती कमी पडते, डिस्क वेळेवर गती घेत नाही, आणि हजेरी पुढे निघून जाते. दुसऱ्या खेपेस तबकड्या आधीच फिरत असतात, म्हणून 'हजर' म्हणतात. तेव्हा असे वरचेवर होऊ लागले, की त्याला इशारा समजावे. पेटी तरी थकली आहे, नाहीतर डिस्कची मोटार तरी. त्याच दिवशी डिस्कवरच्या कामाच्या गोष्टी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. जेथे विजेचा दाब सतत खालीवर होतो, तेथे यूपीएस आणि घराचे चांगले अर्थिंग यांवर केलेला खर्च चैनीचा म्हणता येत नाही.

तिसरे कारण हजेरीपटाचे, आणि यात एक गुंडी-सेल नायक आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सी.आर. २०३२ या नावाची. वीस मिलिमीटर रुंद, तीन व्होल्टची. संगणकाची वायर काढली तरी घड्याळ आणि हेडमास्तरांच्या नोंदी तिच्यावर टिकून राहतात. काही वर्षांनी ती संपते. मग घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि नोंदी कारखान्यातून आल्या तशा कोऱ्या होतात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, हे सारे पुसले जाते. आणखी एक चमत्कार होतो. तारीख चुकल्यामुळे बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र यंत्राला खोटे वाटते आणि ते उघडायचे नाकारते. माणूस म्हणतो 'इंटरनेट बिघडले', तारेवाल्याला फोन करतो आणि चूक असते किरकोळ किमतीच्या बॅटरीची. ती बदलावी, तारीख लावावी, नोंदी तपासाव्यात. जुनी बॅटरी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळली गेली तर तासाभराचाही विलंब घातक ठरतो.

याच जातीचे एक ताजे उदाहरण आहे. विंडोज १० या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारी नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ बसवू गेले, की ते टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-विभाग हुडकते, आणि पुष्कळ संगणकांना 'सापडत नाही' असे सांगून परत पाठवते. काहींत तो खरोखरच नसतो, किंवा प्रोसेसर जुना असतो. पण काही संगणकांत तो प्रोसेसरच्याच पोटात असतो, केवळ हजेरीपटात बंद करून ठेवलेला असतो. बायोसमध्ये जाऊन तो चालू केला की विद्यार्थी 'हजर' म्हणतो. तेव्हा यंत्र भंगारात घालण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

चौथ्या कारणाकडे जाताना आपल्या गावाचे एक जुने दुखणे आठवते. आपले अकोले आणि विदर्भातला अकोला. विभक्ती लागली की दोघांचेही 'अकोल्याला' होते, आणि जिल्हा लिहिला नसेल तर पत्र कोठल्या अकोल्याला जाईल, हे टपालखातेही सांगू शकत नाही. संगणकातही पूर्वी असेच होई. १९८० आणि १९९० च्या दशकांत संगणकाला नवे कार्ड जोडायचे म्हणजे त्याला पत्ता आपण हाताने, बारीक पिनांवर टोप्या बसवून द्यावा लागे. दोघांना एकच पत्ता दिला गेला की दोघेही गोंधळत. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल पोर्टला चौथ्या क्रमांकाची एकच हाक होती. म्हणून एकावर माऊस आणि दुसऱ्यावर मोडेम लावला की माऊस मरून पडायचा. संगणकावर देवनागरी आणणारे 'जिस्ट' कार्डही असे खाचेत बसवावे लागे. त्या तंत्राचा उगम कानपूरच्या आयआयटीत झाला आणि विस्तार पुण्याच्या सी-डॅकमध्ये. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक घडवला. तिचे धुरीण डॉ. विजय भटकर हे मात्र त्या दुसऱ्या अकोल्याचे, मुरंबा गावचे. तेव्हा त्यांचा मान आपण घेऊ नये!

पुढे १९९५ च्या विंडोजने 'जोडा आणि वापरा' ही पद्धत आणली. यंत्र आपण होऊन पत्ते वाटू लागले. थट्टेखोरांनी तिला 'जोडा आणि प्रार्थना करा' असे नाव ठेवले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्या देखत विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवताना पडदा निळा पडला आणि सभागृह हसले. ज्याने हे यंत्रांचे साम्राज्य उभारले त्याच्यासमोर यंत्र रुसते, तर तुमच्याआमच्यापुढे रुसले यात लाज कसली?

आज पत्त्यांचा घोळ क्वचितच होतो. आज राहिला आहे तो भाषेचा. प्रत्येक भागाशी बोलायला विंडोजला एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज सुरू होते, पण आवाज नाही, प्रिंटर नाही, वाय-फाय नाही, अशा वेळी 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ज्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल, तेथे दुभाषा चुकला आहे. खाली वळलेला बाण असेल, तर तो भाग कोणीतरी बंद करून ठेवला आहे. ड्रायव्हर यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर फुकट' अशी पाटी लावून बसलेल्यांच्या वाटेला जाऊ नये. आता पहिल्या आणि दुसऱ्या हजेरीचे महत्त्व ध्यानात येईल. बायोसच्या यादीत भाग दिसतो आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष बहुधा दुभाष्याचा. बायोसमध्येच दिसत नाही, तर ड्रायव्हर शंभरदा घातला तरी व्यर्थ. तेथे जोडणी, वीज, नोंदी आणि आजार हेच पाहिले पाहिजे.

काही बारीकसारीक गोष्टी भरभर सांगतो. 'सुरू होण्याजोगे साधन नाही' अशी ओळ आली, तर प्रथम संगणकाला लावून राहिलेला पेन ड्राइव्ह काढा. हेडमास्तर त्याच्यातच विंडोज शोधत बसलेले असतात. पडदा काळा असेल, तर पडद्याची स्वतःची वायर आणि केबल पाहा. चित्राचे वेगळे कार्ड असेल, तर केबल त्याच कार्डाला लावा, मदरबोर्डच्या भोकाला नको. 'कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन ही कळ दाबा' अशी सुप्रसिद्ध सूचना आली, तर हसून घ्या आणि कळफलकाची केबल काढून पुन्हा लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, कळ अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच तो शुद्धीवर येतो.

आणि काहीच उमगेना, तर एक राजमार्ग आहे. आवश्यक नाही ते सारे काढून टाका : प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जादा डिस्क, जादा रॅम. एवढ्यावर यंत्र उठले, तर एकेक भाग परत लावत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून पाहा. ज्याला लावताच यंत्र अडेल, तो चोर. येथे नियम एकच, पण कडक : एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर यंत्र मिळते, ज्ञान मिळत नाही. पुढल्या पावसाळ्यात आपण पुन्हा तेथेच उभे राहतो.

आता त्या डांगाणातल्या घराकडे वळू. संगणक ओसरीवरून आत घेतला आणि मी हजेरीपट उघडला. घड्याळ बरीच वर्षे मागे गेले होते. म्हणजे बॅटरी संपलेली. आणि डिस्क यादीत नव्हती. पेटी उघडून केबल काढली, तर तिच्या टोकाला धुळीचा ओलसर थर होता. दुसरी केबल लावली. डिस्क यादीत आली! मुलगा उठून उभा राहिला. पण विंडोज सुरू होईना. अर्धेअधिक उघडून निळा पडदा येई. येथेच मी चुकण्याच्या बेतात होतो. माझ्या मनात आले, दुकानदार खरे बोलत होता, डिस्क गेली असावी. मग वही पाहिली. वहीत मीच लिहिले होते : 'बॅटरी संपली.' म्हणजे नोंदी कोऱ्या झाल्या. म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलली असणार. नवी बॅटरी बसवली, तारीख लावली, ती एक नोंद पूर्ववत केली, आणि विंडोजचे चित्र उमटले. दोष एक नव्हता, दोन होते, आणि एकावर एक बसले होते. आजार मात्र कोणालाच नव्हता.

ओव्यांची फाईल जागच्या जागी होती. आम्ही ती वाचली नाही. आधी दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, एक त्याच्या घरी आणि एक त्याच्या बहिणीकडे, आणि मगच उघडली.

ही गोष्ट मी माझी हुशारी म्हणून सांगत नाही. माझ्या हातून उलटही घडले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नातेवाइकाची डिस्क विंडोजने ओळखली नाही आणि 'वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावे लागेल' अशी पाटी दाखवली. मी अजाणतेपणी 'होय' म्हटले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे एकूण एक छायाचित्र त्या डिस्कवर होते. केबल सैल होती, हे मला मागाहून कळले. ते गृहस्थ मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि म्हणूनच ती गोष्ट मी विसरू शकलो नाही. तेव्हा आजच्या भाषणातले दुसरे काही राहिले नाही तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा : न ओळखलेल्या डिस्कला 'फॉर्मॅट' कधी म्हणू नका. आणि डिस्कमधून टिकटिक, खरखर असा आवाज येत असेल, तर ती पुन्हापुन्हा चालू करू नका. प्रत्येक फेऱ्यात ती आणखी घासते. बंद करा आणि जाणत्याकडे न्या.

जाणत्याकडे न्या, हे मुद्दाम म्हणतो. दुकानदारांवर टीका करायला मी येथे आलो नाही. तालुक्याच्या गावी बसून, मिळतील त्या सुट्या भागांवर यंत्रे चालती ठेवणारा प्रामाणिक कारागीर हे गावाचे धन आहे. पण त्याच्याकडे जाताना आपण तीन प्रश्न न्यावेत. कोणता भाग गेला, हे कशावरून ठरवले? त्या जागी चांगला भाग लावून पाहिला का? आणि जुना भाग मला परत मिळेल का? प्रामाणिक माणसाला हे प्रश्न आवडतात. घाईतल्या माणसाला ते सावध करतात.

बंधुभगिनींनो, प्रश्न यंत्रापुरता नाही. आपल्या घरचे हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती, मुलांचे दाखले, गेलेल्या माणसांचे आवाज, हे सारे आपण आता या पेटीच्या हवाली केले आहे. ज्याच्या हाती आपण एवढे सोपवतो, त्याची निदान हजेरी तरी आपल्याला घेता आली पाहिजे. 'सापडत नाही' या शब्दांचा अर्थ 'नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की हाक मारली आणि उत्तर आले नाही. मग हाक पोचली का, वाट मोकळी आहे का, नाव बरोबर घेतले का, हे शांतपणे पाहायचे आणि मगच गेल्याचे म्हणायचे. माणसांच्या बाबतीतही हा नियम वाईट नाही.